खोकला दाबू नका, विचारा : थेऊर ते नरसिंहपूर

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना इकडे-तिकडे गेलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग खोकल्याचा इतिहास. हसू नका. राजांचा, लढायांचा इतिहास आपण ऐकतोच, पण एका खोकल्याने मराठ्यांच्या राज्याची दिशा बदलली आणि दुसऱ्या एका खोकल्याने आपली एक डॉक्टर बाविशीच्या आत नेली. तिसरा खोकला माझ्या आजीचा. त्याच्यामुळेच हा भाग करतोय.

माझी आजी नीरा नरसिंहपूरला राहते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पुणे जिल्ह्याचं अगदी आग्नेय टोक, इंदापूर तालुका. एका बाजूने भीमा, दुसऱ्या बाजूने नीरा, आणि दोघी जिथे भेटतात तिथे लक्ष्मी-नरसिंहाचं मंदिर. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. प्रल्हादाने वाळूची मूर्ती स्थापन केली अशी श्रद्धा आहे, आणि महाराष्ट्रभरातल्या अनेक घराण्यांचं हे कुलदैवत.

मागच्या वर्षी वैशाखात, नरसिंह जयंतीला गावी गेलो होतो. चहा झाला, मी सवयीने ओट्यावरचा एक कप उचलला. आजी आतून ओरडली, "त्यो नगं घेऊस, त्यो माजा हाय." मला वाटलं गंमत करतेय. मग लक्षात आलं, तिचा कप, तिचं ताट, तिचा तांब्या, सगळं वेगळं. विचारलं तर म्हणाली, "खोकला हाय ना मला." किती दिवस? "झाली की दोन वर्सं."

घरात सगळ्यांना खोकला माहीत होता, पण तो 'म्हातारपणाचा' ठरला होता. मेडिकलमधून सिरपच्या बाटल्या यायच्या. एका डॉक्टरांनी तर दीड वर्ष फक्त सिरप बदलून दिली. आणि या दोन वर्षांत आजीने माझ्या भावाच्या बाळाला एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. आम्हाला वाटायचं कंबर दुखते म्हणून घेत नाही.

कारण मला नंतर कळलं. आजीचं माहेर नीरेच्या पलीकडे, माळशिरस तालुक्यात. तिची थोरली बहीण १९५५ च्या सुमारास वारली. आजी तेव्हा आठ वर्षांची असेल. मागच्या खोलीत बहिणीची खाट, वेगळा तांब्या, वेगळं ताट. गेल्यावर तिच्या वस्तू जाळून टाकल्या. बाहेर सांगितलं पोटदुखीने गेली. आजीने सत्तर वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला खोकला लागल्यावर तिने डॉक्टरला विचारलं नाही, गुपचूप स्वतःचा कप वेगळा केला.

मी तिला तपासायला पुण्याला घेऊन आलो. येताना सोलापूर रोडवर थेऊर फाटा लागतो. आपला इतिहास तिथून सुरू करू.

थेऊर, १७७२

थेऊर म्हणजे अष्टविनायकांपैकी चिंतामणी. पण इथे आणखी एक गोष्ट घडली. १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव पेशवे इथेच गेले. वय २७. म्हणजे माझ्यासारखा पोरगा, जो आज ऑफिसात स्टँडअप मीटिंगला उशिरा पोचतो, त्या वयाचा माणूस.

१७६१ साली पानिपत झालं. थोरला भाऊ विश्वासराव तिथे पडला, वडील नानासाहेब त्या धक्क्यात गेले, आणि सोळाव्या वर्षी हा मुलगा पेशवा झाला. पुढच्या अकरा वर्षांत त्याने निजामाला हरवलं, हैदरअलीशी लढला, काकाचं बंड मोडलं, उत्तरेत मराठ्यांचा दबदबा परत बसवला. आणि हे सगळं चालू असताना शरीर आतून झिजत होतं. १७७० मध्ये कर्नाटकच्या मोहिमेतून आजारपणामुळे परत फिरावं लागलं, मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवली. शेवटचे दिवस थेऊरला, चिंतामणीच्या पायाशी काढले. ते गेल्यावर रमाबाई सती गेल्या. नऊ महिन्यांत धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने तर या अकाली मृत्यूला पानिपताइतकाच मोठा घाव म्हटलंय.

आजाराचं नाव तेव्हा होतं राजयक्ष्मा. आज आपण त्याला क्षय म्हणतो, टीबी म्हणतो. 'राज' का, तर पुराणकथेत हा रोग पहिल्यांदा झाला तो चंद्राला, सोमराजाला. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून दक्षाने शाप दिला आणि चंद्र झिजायला लागला. माणूस कलेकलेने कमी होत जातो, हे बघणाऱ्याला चंद्र आठवणं साहजिक आहे.

आयुर्वेदात खोकल्याला 'कास' म्हणतात आणि त्याचे पाच प्रकार सांगितलेत : वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. यातलं किती आजच्या वैद्यकात बसतं तो वेगळा विषय. मला त्यात आवडतं ते हे, की नुसतं 'खोकला' म्हणून थांबले नाहीत. कोरडा का ओला, छातीला इजा होऊन का झिजेमुळे, असं विचारलं. खोकला एक, कारणं पाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पण कारण शोधायला डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच हातात होतं. पेशव्यांच्या दरबारात वैद्यांची कमी नव्हती, पैशांची नव्हती, नवससायासांची तर नव्हतीच. जंतू दिसत नव्हता.

नाव सापडलं, औषध नाही

जंतू दिसला तो माधवरावांनंतर एकशे दहा वर्षांनी. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केलं की क्षय शापाने होत नाही, रक्तातल्या दोषाने होत नाही, घराण्याने येत नाही. एका जिवाणूने होतो. म्हणूनच आजही २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८३ मध्ये, कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसली. आनंदीबाई जोशी. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण तिथल्या थंडीत तब्येत खचली होती, भारतात आल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती. क्षय.

जरा विचार करा. माधवरावांना आपल्याला काय खातंय ते माहीत नव्हतं. आनंदीबाई ज्या काळात शिकल्या तेव्हा क्षयाच्या जंतूचा शोध अगदी ताजा होता. म्हणजे शत्रूचं नाव वैद्यकाला कळलं होतं, पण हातात हत्यार नव्हतं. कॉख यांनीच १८९० मध्ये ट्युबरक्युलिन नावाचं औषध आणलं, जगभर गाजावाजा झाला, आणि ते औषध म्हणून साफ फसलं. पुढे ते निदानाच्या चाचणीसाठी उपयोगी पडलं, एवढंच.

हवा, दूध आणि वाट बघणं

थेऊर सोडून सोलापूरच्या दिशेने थोडं पुढे गेलं की उरुळी कांचन लागतं. १९४६ साली गांधीजी इथे आले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे मणिभाई देसाईंनी तो उभा केला. मोकळी हवा, ऊन, साधा आहार, विश्रांती. आज आपण तिकडे वजन उतरवायला जातो. पण क्षयावर औषध नव्हतं त्या काळात अख्ख्या जगाचा भरवसा याच चार गोष्टींवर होता. युरोपात आल्प्सच्या डोंगरात सॅनिटोरियम निघाली. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर काढलं, मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशनच्या कामातून वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम उभं राहिलं. महिनोन्‌महिने व्हरांड्यात खाटेवर पडायचं, दूध-अंडी खायची आणि शरीर स्वतः लढतंय का बघायचं. काहींचं एक फुप्फुस मुद्दाम हवा भरून दाबून ठेवायचे, त्याला आराम मिळावा म्हणून. काही बरे व्हायचे, बरेच नाही व्हायचे.

आणि हे परवडणार कुणाला? नीरेकाठच्या माणसाला नाही. त्याच्या वाट्याला मागची खोली आणि वेगळा तांब्या.

लाज मात्र गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी. महंमद अली जिनांचा आजार मुंबईत त्यांच्या डॉक्टरांनी, जाल पटेल यांनी, गुप्त ठेवला आणि एक्स-रे पाकिटात बंद राहिले, ही हकीकत 'फ्रीडम ॲट मिडनाईट'मुळे जगाला कळली. सप्टेंबर १९४८ मध्ये, पाकिस्तान होऊन जेमतेम वर्ष झालं असताना ते गेले. दोन देशांचं भवितव्य ठरवणारा माणूस आणि माळशिरसमधलं एक शेतकरी कुटुंब, दोघांनी एकच गोष्ट केली. खोकला लपवला.

मद्रासचा प्रयोग

हत्यार सापडलं १९४३ मध्ये. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. पण एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला क्षयाचे जंतू काही महिन्यांत दाद देईनासे व्हायचे. मग दोन-तीन औषधं एकत्र द्यायची कल्पना आली. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. स्वस्त, गोळीच्या रूपात. आता क्षय बरा होऊ शकत होता.

प्रश्न असा की भारतात लाखो रुग्ण आणि सॅनिटोरियममध्ये खाटा मूठभर. म्हणून १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये : खाट, पौष्टिक जेवण, विश्रांती. दुसरा गट स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात, नेहमीचं कमी-जास्त जेवण, कामधंदा चालू. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल आला. घरचे रुग्ण जवळपास तेवढेच बरे झाले. आणि महत्त्वाचं म्हणजे, घरी राहिल्यामुळे घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण वाढलं नाही, कारण औषध सुरू झालं की रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो.

एका प्रयोगाने जगभरची सॅनिटोरियम रिकामी करायला सुरुवात केली. १९६२ च्या आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पायाही हाच : रुग्णाला घरातून काढू नका, औषध घरापर्यंत न्या.

मग त्या वेगळ्या तांब्याचं काय? त्याच काळात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात क्षयाच्या वॉर्डमधली हवा पाईपने वर नेऊन गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली. ताट नाही, कप नाही, स्पर्श नाही, नुसती हवा. गिनीपिगना क्षय झाला. म्हणजे क्षय पसरतो तो श्वासातून, खोकल्यातून उडालेल्या अतिसूक्ष्म थेंबांतून. कपाने नाही. खिडकी उघडण्याने जेवढा फरक पडतो तेवढा भांडी वेगळी केल्याने पडत नाही. आजीच्या बहिणीचा तांब्या वेगळा केला होता, पण खोलीची खिडकी बंद होती. लोकांना दिसू नये म्हणून.

खोकला दाबायचा धंदा

आता दुसरा धागा. कारण शोधणं अवघड, मग माणसाने सोपा मार्ग काढला. खोकलाच बंद करा.

१८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्याचं एक नवं औषध बाजारात आणलं. क्षयाच्या, दम्याच्या, कसल्याही खोकल्यावर जालीम. नाव ठेवलं हेरॉईन. हो, तेच हेरॉईन. खोकला खरंच थांबायचा, कारण अफूच्या कुळातली औषधं मेंदूतलं खोकल्याचं केंद्रच गप्प करतात. फुप्फुसातला जंतू आपलं काम शांतपणे करत राहायचा. सवय लागणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा १९१३ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. त्याच कुळातलं कोडीन मात्र सिरपच्या बाटल्यांत राहिलं, आणि आपल्याकडे कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्या बाटल्यांचं काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आमच्या धंद्यात एक सोपी गोष्ट शिकवतात : एरर मेसेज म्यूट केला म्हणून बग जात नाही. खोकला हा शरीराचा एरर मेसेज आहे.

सिरपची दुसरी भीती आणखी काळी. ऑक्टोबर २०२५ मधल्या बातम्या आठवत असतील. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, वीसहून जास्त मुलं गेली. कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी द्रव्य होतं. महाराष्ट्राला ते नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेलं ग्लिसरीन देऊन १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अख्ख्या औषध-व्यवस्थेची लक्तरं काढली होती. छिंदवाड्यानंतर केंद्राने सल्ला काढला : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळायची.

मग आजीबाईचा बटवा बरा का? थोडा न्याय त्यालाही देऊ. आपल्या कुंपणाला लागणारा अडुळसा. त्याच्या पानातलं व्हॅसिसीन हे द्रव्य समोर ठेवून १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्झिन हे औषध बनलं, आणि त्यातून पुढे अॅम्ब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या बऱ्याच सिरपच्या लेबलवर ही नावं दिसतील. म्हणजे आजीचा काढा आणि मेडिकलची बाटली लांबच्या नात्यातली भावंडं आहेत. पण दोघांचं काम तेवढंच, कफ सुटायला मदत. क्षय, दमा, कॅन्सर यातलं काहीही अडुळशाने बरं होत नाही. सिरपनेही नाही.

प्रत्येक खोकला क्षय नसतो

आनंदीबाई गेल्या त्याच पुण्यात, आठ वर्षांनी, आणखी एक मोठा माणूस छातीच्या आजाराने गेला. गोपाळ गणेश आगरकर, 'सुधारक'कार, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. जून १८९५, वयाची चाळिशीही गाठली नव्हती. पण आगरकरांना क्षय नव्हता, दमा होता. क्षयात जंतू फुप्फुस पोखरतो. दम्यात श्वासनळ्या सुजतात, आवळतात. खोकला दोन्हीकडे, उपाय पूर्ण वेगळे.

त्या काळी दम्यावर एक उपाय भारतातूनच युरोपात गेला होता : धोतऱ्याची वाळलेली पानं जाळून धूर ओढायचा. थोडा आराम पडायचा, कारण धोतऱ्यात अॅट्रोपिन असतं आणि ते श्वासनळ्या सैल करतं. कृपा करून हे घरी करू नका, धोतरा जीवघेणा विषारी आहे. पण अॅट्रोपिनच्या रेणूत बदल करून पुढे जी सुरक्षित औषधं बनली, ती आज इनहेलरमध्ये आहेत.

आणि इनहेलरची गोष्ट तर मस्त आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दमेकरी मुलीने विचारलं, माझं औषध हेअरस्प्रेच्या डब्यासारखं का नाही येत? तेव्हा काचेची नाजूक यंत्रं दाबून औषध ओढावं लागायचं. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, आपला 'पंप' बाजारात आला. मद्रासचा प्रयोगही त्याच वर्षी सुरू झाला. आगरकरांना या दोन्हीपैकी पहिली गोष्ट मिळाली असती तर काय काय लिहून झालं असतं, असं मनात येतंच.

एक गंमतशीर कारण अजून. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावर संशोधन करताना रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक गट सापडला, एसीई इनहिबिटर. पहिली गोळी १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. रामिप्रिल, एनालाप्रिल याच गटातल्या. उत्तम गोळ्या, पण काही लोकांना यांनी कोरडा, ठसक्यासारखा खोकला लागतो. महिनोन्‌महिने सिरप पितात, एक्स-रे काढतात, आणि कारण बीपीच्या पाकिटात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरला विचारून बदलून घ्यायची.

नरसिंहपूरची चूल

आता आजीकडे. पुण्यात आधी बेडक्याची तपासणी झाली, एक्स-रे झाला. क्षय नाही. बीपीची गोळीही त्या गटातली नव्हती. मग छातीच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला जो दोन वर्षांत कुणीच विचारला नव्हता : "आजी, स्वयंपाक कशावर करायचात?"

आजी म्हणाली, "चुलीवर की. आन् कशावर?"

इथे आपल्या भागाचा इतिहास येतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा निघाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी आलं. पाण्यामागे ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले. तालुक्याचं नशीब उसाने पालटलं, यात वाद नाही. पण उसाबरोबर धूरही आला. तोडणीनंतर पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळाची भट्टी, चिमणीची काजळी. साठलेल्या बुरशीच्या बगॅसची धूळ छातीत गेली तर होणाऱ्या आजाराला वैद्यकात नावच आहे, बगॅसोसिस.

आणि या सगळ्याच्या आधीपासून घरातली चूल. बाभळीचं लाकूड, गोवऱ्या, तुऱ्हाट्या, पाचट. आजीने पंधराव्या वर्षापासून पन्नासएक वर्षं त्या धुरात भाकऱ्या थापल्या. सकाळ-संध्याकाळ, खिडकी नसलेल्या खोलीत. आयुष्यात विडीला हात लावला नाही.

बराच काळ जगभर समज होता की सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हा सिगारेटवाल्या पुरुषांचा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून दाखवलं की जगात कधीच धूम्रपान न केलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि चुलीचा धूर हे त्यामागचं फार मोठं कारण आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघरी गेले. आमच्याकडेही गॅस आहे. पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण सिलिंडर महाग आणि 'चुलीची चव वेगळी'. ती चव कुणाच्या छातीतून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. मीच दर सुट्टीत गावी जाऊन चुलीवरच्या भाकरीचे फोटो टाकायचो.

आजीला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. स्पायरोमेट्री. दहा-पंधरा मिनिटांचं काम. सीओपीडी. पूर्ण बरा होत नाही, पण धूर थांबवला आणि पंप नियमित घेतला तर खोकला आणि धाप दोन्ही आटोक्यात राहतात. तिच्या पंपात धोतऱ्याच्या कुळातलंच एक औषध आहे. "पंपाची सवय लागती म्हणं," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, चष्म्याची लागते तेवढीच."

बाहेर आल्यावर तिने मला हळूच विचारलं, "मंजी मला 'ते' न्हाई?"

म्हटलं, नाही.

"मग बाळाला घेऊ?"

मी हो म्हटलं. पण मंडळी, एक सांगतो. 'ते' असतं तरी उत्तर थोड्याच आठवड्यांनी हेच असतं. साध्या क्षयावर आज साधारण सहा महिन्यांची औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट. तपासणीचं ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यात बनलंय, तासा-दोन तासांत निकाल. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. धोका आहे तो औषधं अर्धवट सोडण्यात. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या शेवटी जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर आणले, ते अशाच चुकलेल्या आणि अर्धवट उपचारांतून तयार होतात. माधवरावांकडे अख्खं राज्य होतं आणि ही सहा महिन्यांची गोळी नव्हती. आपल्याकडे गोळी आहे, आणि आपण कप लपवत बसतो.

मग करायचं काय?

स्क्रीनशॉट काढायचा असेल तर इथे काढा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, लाजायचं नाही. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांवर गेला, लहान मुलाचा चारवर, तर तो 'जुनाट' खोकला. त्याला सिरप नाही, निदान हवं.

रक्त पडतंय, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप, रात्री घाम, धाप, आवाज बसलेला, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. त्याच दिवशी निघा.

डॉक्टरला स्वतःहून सांगायच्या गोष्टी : खोकला रात्री वाढतो का, पहाटे का (दमा असू शकतो). जेवून आडवं झाल्यावर येतो का, छातीत जळजळतं का (पोटातलं आम्ल वर येत असेल). नाकातून घशात काही उतरत राहतं का (सर्दी-सायनस). बीपीची कोणती गोळी चालू आहे. विडी-सिगारेट-तंबाखू. घरात चूल आहे का, कोण किती वर्षं तिच्यासमोर बसलंय. रात्री बंद खोलीत मच्छर कॉइल लावता का. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण शंभराच्या आसपास सिगारेटींइतके भरतात असा अभ्यास आहे.

आणि बाळांचं लसीकरण चुकवू नका. डांग्या खोकला नावाचा एक राक्षस आपल्या आजी-पणजीच्या पिढीने बघितलाय. आपल्याला तो फारसा दिसत नाही तो लशीमुळे.

चरकापासून त्या पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत, ज्याने ज्याने 'थांबव कसा' आधी 'का येतोय' असं विचारलं त्याच्या हाताला काहीतरी लागलं. तुमच्या घरात कुणीतरी असेलच, ज्याचा खोकला आता कुणाला ऐकूच येत नाही इतका सवयीचा झालाय. आज त्यांना फोन करा. "औषध घेतलं का" नको, "किती दिवस झाले" हे विचारा.

आजी बरी आहे. भाकरी आता गॅसवर होते. चव गेली अशी तक्रार घरात फक्त एकाच माणसाची आहे, आजीची.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.